दुपारी एक ते चार

तिला घरात सगळे मधली म्हणायचे. थोरला तो दादा, शेवटची ती धाकटी, आणि उरली ती मधली. वयाची एक्कावन्न झाली, नोकरीत सव्वीस वर्षं गेली, डोक्यावरचे केस निम्मे पांढरे झाले, तरी नातेवाईक फोनवर एकमेकांना सांगायचे, "बाबा सध्या मधलीकडे असतात." जणू बाबा एखादी जड पेटी होते आणि ती तूर्तास तिच्याकडे ठेवली होती.

बाबा तिच्याकडे आले ते असे. त्यांना पक्षाघात झाला, डावी बाजू गेली, तीन आठवडे दवाखान्यात काढले. सोडायच्या दिवशी मधली खाली औषधं आणायला गेली आणि रांगेत उभी राहिली. वर आली तेव्हा ठरलं होतं. दादा दुसऱ्या शहरात, त्याच्या घरी मुलांच्या परीक्षा. धाकटीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "आणि तुला काय, तू एकटीच आहेस," धाकटी म्हणाली. ती हे प्रेमानेच म्हणाली, हे त्यातलं वाईट.

बाबा लेथच्या कारखान्यात फोरमन होते. हाताखालच्या माणसांना ते नावाने हाक मारत नसत, त्यांनी केलेल्या चुकीवरून मारत. ज्याने एकदा नट उलटा बसवला तो निवृत्त होईपर्यंत 'उलटा'. मधलीने उपकरणांचं शिक्षण घेतलं आणि शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात लागली, तेव्हा ते म्हणाले होते, "टाकी भरली की नाही हे बघायला चार वर्षं शिकलीस?" पक्षाघाताने त्यांचा डावा हात नेला, पाय नेला, जीभ मात्र तशीच ठेवली.

मधलीच्या दोन खोल्यांतली पुढची खोली बाबांची झाली. खिडकीपाशी पलंग, शेजारी हातांची खुर्ची, आठ पावलांवर बाथरूम. ती पावलं ते चार पायांची काठी उजव्या हातात धरून, उजव्या पायावर झुलत टाकायचे. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच एक आया यायची. जाड, बोलकी बाई होती, बाबांना घाबरत नसे आणि बाबांना तेच आवडायचं.

दादा रोज फोन करायचा, मधलीला. बाबांशी बोल म्हटलं की त्याला दुसरा फोन यायचा. किती चालले, किती झोपले, रात्री कितीदा उठले, असं तो विचारायचा. मधली सांगायची की बरे आहेत, काल जरा जास्त बसले. "जरा म्हणजे किती?" दादा म्हणायचा. "तू मोजमापाच्या खात्यात आहेस ना? मग आकडे सांग. तुझं आपलं मोघम असतं सगळं."

मधलीला राग आला आणि त्या रागातून तिने आकडे द्यायचं ठरवलं.

योग असा की त्याच महिन्यात केंद्रातही हाच विषय चालू होता. टाक्यांची पातळी, पाण्याचा गढूळपणा, क्लोरीन, पंपांचा दाब यांच्या नोंदी पंधरा वर्षं जुन्या यंत्रणेत जात होत्या आणि ती अधूनमधून अर्धा दिवस झोपायची. नवी कुठली घ्यायची हे ठरवायला समिती नेमली होती आणि तीत मधली होती. तिथे ती जे प्रश्न विचारत होती तेच तिने घरी विचारले. किती सेकंदांनी मोजायचं? नोंद कुठे ठेवायची? किती दिवस ठेवायची? आणि बघणाऱ्याला काय दाखवायचं?

बाजारात तयार डबा मिळत होता. पलंगाखाली ठेवा, मोबाइलवर हसरा किंवा रडका चेहरा बघा. तिने तो परत पाठवला. तो तासाला एकच आकडा राखायचा आणि बाकीचं फेकून द्यायचा, आणि राखलेलंही कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रात, कुठल्या तरी देशात. मग तिने तक्त्यांच्या साध्या फाइलीत नोंदी टाकून पाहिल्या. चार दिवसांत फाइल इतकी फुगली की उघडायला चहा होण्याइतका वेळ लागायला लागला. शेवटी तिने वेळेच्या क्रमाने नोंदी ठेवण्यासाठीच बनवलेला एक फुकट डेटाबेस घेतला, त्यावर आलेख काढणारा दुसरा एक फुकट प्रोग्राम बसवला, आणि दोन्ही एका तळहाताएवढ्या संगणकात घालून तो कपाटावर ठेवला. गादीखाली वजनाची पट्टी, भिंतीवर हालचाल टिपणारा सेन्सर, बाथरूमच्या दाराला ते उघडल्याचं टिपणारी एक चकती. दर पाच सेकंदांना एक नोंद. कच्च्या नोंदी तीन महिने जशाच्या तशा राहणार, नंतर त्यांची सरासरी होणार.

दोन रविवार गेले. बाबा पलंगावरून बघत होते.

"टाकी भरली का बघायला आलीस?" ते म्हणाले.

मधली स्क्रू आवळत राहिली. खरं म्हणजे ते दोन रविवार तिला फार बरे गेले होते. पहिला आलेख पडद्यावर उमटला, बाबांनी कूस बदलली आणि रेघ थरथरली, तेव्हा ती एकटीच हसली.

आलेख तिघा भावंडांच्या मोबाइलवर दिसायला लागला. शिवाय अलार्म होता. पलंग रिकामा झाला आणि पाच मिनिटांत परत भरला नाही की तिघांचे फोन वाजायचे. पहिले काही दिवस दादा खूश होता. मग त्याचे फोन वाढले. अकरा वाजता पलंगावर वजन का नाही? साडेबाराला खोलीत एवढी हालचाल कसली? आया बोलत बसते का? धाकटीही मागे राहिली नाही. आलेखात रात्री दोन खड्डे दिसतात, तू उठतेस की नाही, असं तिने विचारलं. मधलीने स्वतःच्या हाताने घरात वरिष्ठ बसवून घेतले होते, तेही दोन, आणि दोघांना बसल्या जागी सगळं दिसत होतं.

आणि बाबांच्या एक गोष्ट लक्षात आली. दुपारी ते आपले आपण उठून खुर्चीत बसले की थोड्या वेळाने आयाचा फोन वाजायचा, आणि पलीकडे दादा असायचा. बाबा कुठे आहेत, का उठले, पडले नाहीत ना. मग आया फोन बाबांच्या कानाला लावायची. दादा म्हणायचा, "बाबा, विचारल्याशिवाय उठू नका." बाबा म्हणायचे, "बरं." एवढंच. पण पाच महिन्यांत दादाचा आवाज त्यांच्या कानात पडला तो असाच.

मग ते रोज उठायला लागले, कधी दोनदा, कधी तीनदा. खुर्चीत बसायचे आणि आयाच्या फोनकडे बघत राहायचे. आयाने हे मधलीला हसत सांगितलं. "लबाड आहेत हो. मोठ्याचा फोन यावा म्हणून करतात." मधली हसली नाही. तिने केलेलं काहीही बाबांच्या कधी नजरेत भरलं नव्हतं, आणि तिने बसवलेल्या यंत्राचा उपयोग ते दादाला हाक मारायला करत होते.

चाळीसेक वेळा हे झाल्यावर दादाच वैतागला. तो ऑफिसात असायचा, मीटिंगमध्ये फोन वाजायचा, माणसं बघायची. "अलार्म तुझा तू बघ," तो म्हणाला. "मला एकच सारांश दे. बाबांचा दिवस साधारण कसा जातो, तेवढं पुरे." धाकटीलाही तेच हवं होतं. मधलीने अलार्म फक्त स्वतःकडे ठेवला आणि त्या दोघांच्या पडद्यावर महिन्याचा सरासरी दिवस लावला, तीस दिवस एकमेकांवर ठेवून काढलेली एक गुळगुळीत रेघ. ती रोज मध्यरात्री एकदा बदलायची. हे तिने करायला घेतलं तेव्हा तिला मनापासून सुटल्यासारखं वाटलं. आता कुठलाही खड्डा कुणाला दिसणार नव्हता.

दादाचे फोन थांबले. बाबा उठून खुर्चीत बसायचे, वाट बघायचे, अर्ध्या तासाने आयाला म्हणायचे, "ने परत." पंधरा दिवसांनी ते उठेनासे झाले. दुपारी जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून पडायचे, डोळे उघडे. आया बोलायची, ते उत्तर द्यायचे नाहीत. तिने मधलीला सांगितलं, "बाबा हल्ली चेष्टा करत नाहीत." मधली म्हणाली, वय झालं.

महिना भरला आणि त्या गुळगुळीत रेघेत एक ते चार असा सपाट भाग दिसायला लागला. दादाला तो आवडला. त्याने फोन करून सांगितलं की बाबा दुपारी तीन-तीन तास गाढ झोपतात, आलेखातच आहे. मग झोपलेल्या माणसाकडे बघत बसायला माणूस कशाला? आयाला एकपर्यंतच ठेवू. तिलाही दुसरं काम मिळेल.

"तो झोपेचा आलेख नाही," मधली म्हणाली. "न हलण्याचा आहे."

"फरक काय?"

फरक सांगता आला असता. डोळे मिटले आहेत की उघडे हे गादीखालच्या पट्टीला कळत नाही, हे तिने समितीसमोर वेगळ्या शब्दांत तीनदा सांगितलं होतं. पण त्या दिवशी ती दमली होती, दादाचा आवाज चढला होता, आणि आयाच्या येण्याजाण्याच्या वेळा सांभाळणं तिलाही जड झालं होतं. ती म्हणाली, "बघ तुला काय वाटतं ते."

आया दुपारी एकला जायला लागली. पहिल्याच आठवड्यात मधलीचा फोन वाजला: पलंग रिकामा. ती मिळेल ती रिक्षा करून घरी आली. बाबा खुर्चीत होते, केस पाणी लावून बसवलेले.

"दादाचा फोन आला का?" त्यांनी विचारलं.

ती तशीच परत गेली. तिची अर्ध्या दिवसाची रजा लागली. चार दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी ती दारातूनच म्हणाली, "दादाला आता काही कळत नाही. मी बंद केलंय ते. तुम्ही उठा नाहीतर नाचा, त्याचा फोन येणार नाही." बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू बंद केलंस?"

"त्यानेच सांगितलं."

बाबांनी उठायला उजवा हात पुढे केला. तिने त्यांना पलंगावर घेतलं, जरा जास्तच जोराने, आणि गेली.

तिसऱ्या वेळी ती समितीच्या शेवटच्या बैठकीत होती. भिंतीवर तीन यंत्रणांची तुलना होती आणि ती हातातल्या काठीने दाखवत होती की नोंदी कशात टिकतात, आलेख कशात पटकन उघडतो. एक वाजून एकोणीस मिनिटांनी टेबलावरचा फोन थरथरला. तिने पाहिलं, 'पाहिलं' हे बटण दाबलं आणि फोन पालथा ठेवला. साहेबांनी विचारलं, काही महत्त्वाचं आहे का. ती म्हणाली, "नाही, घरचं आहे."

साडेपाचला ती घरी पोचली. बाबा पलंग आणि बाथरूमच्या मध्ये जमिनीवर होते, उजव्या कुशीवर. काठी पलीकडे पडली होती. उजवा हात पलंगाच्या पायापर्यंत पोचला होता, आणि पायाच्या लाकडावर नखांचे ओरखडे होते. अंग गार पडायला लागलं होतं. डॉक्टर आले, म्हणाले, आधी खुब्याचं हाड मोडलं, मग हृदय थांबलं. किती वाजता, ते त्यांना सांगता येईना.

मधलीला येत होतं. माणसं जमायच्या आधी तिने कपाटावरचा संगणक उघडला. एक वाजून चौदा मिनिटांनी पलंग रिकामा. बाथरूमचं दार उघडलंच नाही. एक सोळाला भिंतीवरच्या सेन्सरची रेघ एकदम उसळलेली. मग उसळ्या, उसळ्या, दोन-दोन मिनिटांनी, मग पाच-पाच, दहा-दहा. दोन चाळीसनंतर सोळा मिनिटं काही नाही. मग पुन्हा. शेवटची चार एकेचाळीसला, लहानशी. त्यानंतर साडेपाचपर्यंत रेघ सरळ, आणि साडेपाचला ती स्वतः.

खाली अलार्मचा तक्ता होता. त्यात एकच ओळ होती: एक एकोणीस, पाठवला, एक एकोणीस, पाहिला. मधलीने ती ओळ निवडली आणि काढून टाकली. डेटाबेसने विचारलं, नक्की का. ती म्हणाली हो. मग ती बाबांपाशी जाऊन बसली आणि रडली, आणि ते रडणं खरं होतं.

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. सगळं उरकल्यावर माणसं बसली होती, काका होते, आत्या होती, शेजारचे दोघं होते. दादाने सगळ्यांना सांगितलं की दुपारची त्यांची झोपेची वेळ, झोपेतच गेले असतील. मग बाबा खाली पडलेले होते हे त्याला आठवलं आणि तो मधलीकडे वळला. "एवढी यंत्रं बसवली होतीस, तुला काहीच कसं कळलं नाही? माझ्या मोबाइलवर तर सगळं व्यवस्थित दिसत होतं." आत्या म्हणाली, यंत्रावर माणूस सोपवल्यावर असंच व्हायचं. धाकटी नाक पुसत मधलीकडे बघत होती, आणि त्या बघण्यात तिने स्वतःचं ते चौथ्या मजल्याचं कारण पूर्णपणे माफ केलेलं होतं.

"तुझ्याकडे सरासरी आहे," मधली म्हणाली. "कच्चं वेगळं ठेवलंय. बघायचंय?"

"दाखव ना. लपवायचं काय आहे त्यात?"

तिने तिथेच बसून त्याला दुवा पाठवला. दादाने चष्मा लावला. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि समितीपुढे बोलायची त्याच सपाट आवाजात बोलायला लागली. हे वजन गेलं, म्हणजे उठले. हे पडले. ही प्रत्येक उसळी म्हणजे हात हलवला, नाहीतर सरकायचा प्रयत्न केला. ही बघ, किती जवळजवळ आहेत, इथे जोर होता. इथून कमी झाला. दोन बोटांनी मोठं करून बघ, सेकंद दिसतील.

"पुरे," दादा म्हणाला.

"अजून दोन तास आहेत," मधली म्हणाली.

काका उठून गॅलरीत गेले. धाकटीने तोंडावर पदर घेतला. दादाच्या हातातला मोबाइल कुणी काढून घेतला नाही आणि त्यालाही तो खाली ठेवता येईना. शेवटच्या उसळीपर्यंत मधलीने त्याला नेलं, वेळ वाचून दाखवली, आणि म्हणाली, "हीच ती एक ते चारची झोप. आयाला आपण याच वेळात काढलं."

आपण, असं ती म्हणाली. ऐकणाऱ्यांनी ते तू असंच ऐकलं, आणि तिला तेच हवं होतं.

दीड महिन्याने वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे दादाची बायको, कधी फोन न करणारी. ती म्हणाली, ते दुवे-बिवे जे काय आहे ते बंद करा. हे जेवताना मोबाइल समोर ठेवतात, जेवत नाहीत. मोठं करून करून बघतात. मुलांना घाबरायला होतं. मधली म्हणाली, त्याला नको असेल तर करते. संध्याकाळी दादाचाच फोन आला. बंद करू नकोस, म्हणाला. मग विचारलं,

"ते कशाला उठले गं? बाथरूमला नव्हते जात. दार उघडलेलं नाही."

मधलीने हे त्याला आजवर सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

"तुझा फोन यावा म्हणून उठायचे," ती म्हणाली. "आधी उठले की तू फोन करायचास ना. त्यांना ते माहीत होतं. आयाला विचार हवं तर." आपण त्यांना काय सांगितलं होतं, ते तिने सांगितलं नाही.

पलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, खुर्ची असेल. मग दादाने अगदी हळू, लहान असताना विचारायचा तसं विचारलं, "आणि तुला अलार्म नाही आला?"

"नोंद नाही," मधली म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे त्या दिवशीची नोंद नाही. मी शोधली."

दादाने मान्य केलं. तो फोन ठेवताना तिला म्हणाला, तू तरी काय करणार होतीस. त्यानंतर तो दर आठवड्याला फोन करायला लागला आणि प्रत्येक वेळी एखाद्या उसळीबद्दल विचारायचा. मधली उत्तर द्यायची. तीन महिने भरत आले तेव्हा कच्च्या नोंदींची आपोआप सरासरी होऊन सगळं सपाट होणार होतं. तिने ती मुदत काढून टाकली आणि त्या एका दिवसाची वेगळी प्रत करून ठेवली.

केंद्राने तिने सुचवलेली यंत्रणाच घेतली. टाक्यांचे, पंपांचे, क्लोरीनचे सगळे अलार्म आता एकाच फोनवर येतात, जबाबदार माणूस एकच असावा असं तिने अहवालात लिहिलं होतं म्हणून. तो फोन तिच्याकडे आहे. वाजला की ती हातातलं टाकून गाळणी टाक्यांकडे पळते. सेन्सरवर कोळ्याचं जाळं असतं, नाहीतर वाऱ्याने वायर हललेली असते. बरोबरचे म्हणतात, बाई, आधी स्क्रीनवर बघा तरी. ती ऐकत नाही. जाऊन, हात लावून, मग 'पाहिलं' दाबते.